भाड्याच्या घराची पडवी

पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीत अर्धा तास बसलात, तर ‘आपल्या टेनन्टवर टाक’, ‘क्लायंटच्या टेनन्टवर परवानगी नाही’ अशी वाक्यं कानावर पडतील. मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलं की कंपनीला क्लाउडवर जी जागा मिळते, तिचं नाव टेनन्ट. दिवसातून पन्नासदा हा शब्द तोंडी असणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येतं, की टेनन्ट म्हणजे भाडेकरू. सामान आपलं, जागा मालकाची.

कंपनीतली माणसं एकत्र काम करायला जी सॉफ्टवेअर वापरतात, म्हणजे शेअरपॉइंट, टीम्स, स्लॅक आणि त्याआधीचं लोटस नोट्स, ती जशी येतात तशी कुणालाच पुरत नाहीत. रजेचा अर्ज, प्रवासखर्चाचं बिल, गेटपास, मशीन बंद पडल्याची तक्रार, डीलरची ऑर्डर, प्रत्येक कंपनीची रीत निराळी. मग मूळ घराला पडवी काढावी लागते. कुणी फॉर्म बनवतो, कुणी मोबाइल अ‍ॅप, कुणी चॅटमध्ये उत्तर देणारा बॉट. गेल्या पस्तीसेक वर्षांत ही पडवी काढायची हत्यारं कशी बदलत गेली, याचा हा आढावा. माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला सावध राहता येईल. हत्यारं सुधारत गेली आणि भाडेकरूचा हक्क आक्रसत गेला, असं माझं मत आहे.

सुरुवात नोट्सपासूनच करावी लागते. १९७३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकप्रणालीवर डेव्हिड वूली नावाच्या तरुणाने ‘नोट्स’ हा चर्चाफलक लिहिला. त्याच विद्यापीठात शिकलेल्या रे ओझीला तसं काहीतरी कचेऱ्यांसाठी करायचं होतं. १९८४मध्ये त्याने आयरिस असोसिएट्स काढली, पैसा लोटस कंपनीचा. डिसेंबर १९८९मध्ये लोटस नोट्सची पहिली आवृत्ती आली. प्राइस वॉटरहाउसने तर ती बाजारात येण्याआधीच दहा हजार प्रती मागवल्या होत्या. १९९५मध्ये आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलर मोजून लोटस विकत घेतली, ती मुख्यतः नोट्सवर डोळा ठेवून.

नोट्स उघडलं की आत तयार असं थोडंच असायचं. मेल, चर्चाफलक आणि नवा डेटाबेस मांडायची सोय. घर अर्धं रिकामं होतं, पण गवंडीकामाचं सामान घरातच ठेवलेलं होतं. हिशेबखात्यातला माणूस फॉर्मवर रकाने मांडायचा, स्प्रेडशीटसारख्या दिसणाऱ्या अ‍ॅट-फॉर्म्युलाच्या चार ओळी लिहायचा आणि खरेदीच्या मंजुरीचा अर्ज दुपारच्या चहापर्यंत चालू करायचा. त्याला स्वतःला डेव्हलपर म्हणवून घ्यायची गरज पडत नसे. अशा हजारो पडव्या जगभरच्या कंपन्यांत उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक बेढब होत्या, पण ज्याला गरज त्यानेच बांधलेल्या होत्या.

खरी करामत मात्र रेप्लिकेशनची. त्या काळी शाखा एकमेकींना फोनच्या तारेवरून, मॉडेमने, दिवसातून दोनचारदाच जोडल्या जात. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर डेटाबेसची आपापली प्रत राही, आणि जोडणी झाली की फक्त बदललेला मजकूर इकडून तिकडे जाई. समजा, एका दुरुस्तीच्या तक्रारीवर मुंबईच्या कचेरीत कुणी ‘भाग मागवला’ असं लिहिलं, आणि त्याच दिवशी तारेविना बसलेल्या इंजिनिअरने लॅपटॉपवर त्याच तक्रारीत ‘भाग बदलला’ असं लिहिलं. संध्याकाळी दोन्ही प्रती भेटल्या की नोट्स कुणाचंच लिखाण पुसत नसे. ज्या प्रतीवर जास्त वेळा बदल जतन झाले ती मुख्य, बरोबरी झाली तर शेवटी जतन केलेली मुख्य. हरलेली प्रत तिच्याच खाली, ‘रेप्लिकेशन कॉन्फ्लिक्ट’ अशी पाटी लावून उभी. मग माणसाने दोन्ही वाचायच्या आणि काय ते ठरवायचं. ही पाटी दिसली की नोट्स सांभाळणाऱ्याच्या कपाळावर आठी चढे. तरी या व्यवस्थेने इंजिनिअरचं वाक्य गुपचूप गिळलं नाही, हे मला आजही मोठं वाटतं.

१९९६च्या डिसेंबरात नोट्सच्या सर्व्हरला डॉमिनो हे नाव मिळालं आणि नोट्सचे फॉर्म ब्राउझरमध्ये उघडू लागले. दिसायला ओबडधोबड, पण उघडत. वेबसाठीचं घसघशीत हत्यार यायला २००९ उजाडलं. त्याचं नाव एक्सपेजेस, जावाच्या जेएसएफ चौकटीवर बेतलेलं. फोनवर नीट दिसणारे त्याचे कंट्रोल २०११मध्ये आले. यात एक गोम होती. एक्सपेजेसच्या पानाची सगळी अवस्था सर्व्हरवर राहते, त्यामुळे पान सारखं सर्व्हरकडे विचारणा करत असतं. म्हणजे मॉडेमच्या काळात तारेविना चालणारं सॉफ्टवेअर फोनवर आलं, ते नेटवर्क गेलं की गप्प बसणारं होऊन. शिदोरी घरीच विसरून प्रवासाला निघावं, तशी गत. सुरुवातीचं रंगरूप किंवा मेलची कटकट यांवर लोक खूप बोलले. माझ्या मते नोट्सची मोठी चूक ही होती.

शिदोरी वाया मात्र गेली नाही. नोट्सच्या सहाव्या आवृत्तीसाठी फॉर्म्युलाचं इंजिन नव्याने लिहिणारा डेमियन कॅट्झ पुढे बाहेर पडला आणि त्याने २००५मध्ये काउचडीबी हा डेटाबेस लिहायला घेतला. नोट्सचीच कल्पना, पण मुक्त आणि वेबच्या भाषेत बोलणारी. त्याचा जावास्क्रिप्टमधला भाऊ पाउचडीबी थेट ब्राउझरच्या आत राहतो. केनिया, युगांडा, नेपाळमधल्या आरोग्यसेविकांच्या फोनवर चालणारं कम्युनिटी हेल्थ टूलकिट याच जोडीवर उभं आहे. तिथेही दोन प्रती भेटल्या की एक ठरावीक नियमाने जिंकते आणि हरलेली जपून ठेवली जाते. ‘ऑफलाइन-फर्स्ट’ या नावाने आज परिषदांमध्ये जे नवं म्हणून मांडलं जातं, ते मुळात १९८९चं आहे.

आता शेअरपॉइंट. २००१मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर पुढे नोट्सच्या जागेवर बसलं. ‘नोट्समधून शेअरपॉइंटवर मायग्रेशन’ या एका कामावर कित्येकांची घरं चालली. पडवी कुठे काढायची, याबद्दल शेअरपॉइंटचा मालक दर काही वर्षांनी नवा नियम करत आला, आणि तो क्रम पाहण्यासारखा आहे. २००७च्या आवृत्तीत तुमचा कोड थेट सर्व्हरच्या पोटात चाले. काहीही करता येई, त्यात सर्व्हरची सगळी फार्म आडवी पाडणंही आलं. एका वस्तूची मेमरी सोडायला विसरलं की सर्व्हर हळूहळू धापा टाकू लागे, आणि दोष कुणाचा हे शोधता शोधता रात्र होई. २०१०मध्ये सँडबॉक्स आला, म्हणजे कोड घरातच, पण खोलीला कडी. २०१३मध्ये अ‍ॅप्स आली, ज्यांना पुढे अ‍ॅड-इन म्हणू लागले. तुमचा कोड वेगळ्या पत्त्यावर आणि घरात फक्त त्याची खिडकी. २०१७च्या फेब्रुवारीत शेअरपॉइंट फ्रेमवर्क आलं, आणि कोड वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये गेला. स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात.

मालकाची बाजू खोटी नाही. एकाच सर्व्हरवर हजारो भाडेकरू नांदवायचे तर कुणालाही भिंतीत खिळा ठोकू देता येत नाही. शेवटच्या पायरीने भलंही झालं. टाइपस्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, नोड ही बाहेरच्या जगातली हत्यारं आत आली, आणि शेअरपॉइंटचं काम करणारा पोरगा दुसरीकडे नोकरी मागायला मोकळा झाला. आधी त्याची विद्या त्या एका वाड्यापुरतीच होती. पण दर पायरीला आधीची पडवी पाडून पुन्हा बांधायचा खर्च भाडेकरूच्या माथी, हे कुणी हिशेबात धरत नाही. सँडबॉक्समधला कोड ऑनलाइन शेअरपॉइंटवरून २०१६मध्ये हद्दपार झाला. अ‍ॅड-इनची तिथली शेवटची तारीख २ एप्रिल २०२६ ठरली. तेरा वर्षं हे एका फॉर्मचं आयुष्य म्हणून वाईट नाही. फक्त ते बांधताना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मोबाइलची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे मालक दोन. एक सॉफ्टवेअरचा, दुसरा फोनचा. कंपनीचं अ‍ॅप आयफोनवर वाटायचं, पण अ‍ॅप स्टोअरवर ठेवायचं नाही, तर अ‍ॅपलचं एंटरप्राइज सर्टिफिकेट हा एक रस्ता. २०१९च्या जानेवारीअखेर अ‍ॅपलने फेसबुकचं हे सर्टिफिकेट रद्द केलं. कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सर्टिफिकेटवर फेसबुकने बाहेरच्या लोकांना पैसे देऊन त्यांचा फोनवापर टिपणारं अ‍ॅप वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी तशाच कारणाने गूगलची पाळी आली. काही तास गूगलमध्ये बसची वेळ सांगणारं आणि कॅफेचं अ‍ॅपसुद्धा उघडेना. चूक त्या कंपन्यांचीच होती, त्यांची कीव करायचं कारण नाही. पण गूगलच्या कर्मचाऱ्याला बसची वेळ कळणार की नाही, हे अ‍ॅपलच्या हातात असू शकतं, एवढं त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

अ‍ॅप कशात लिहायचं हा दुसरा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरांचं आयुष्य आणखी कमी. वेबची पानंच अ‍ॅपच्या वेष्टनात गुंडाळून देणारं फोनगॅप एके काळी कंपन्यांचं लाडकं होतं. त्याची ऑनलाइन बांधणीची सेवा अडोबीने २०२०मध्ये बंद केली, मूळ कोड कॉर्डोवा या नावाने मुक्त असल्यामुळे तेवढा वाचला. सी-शार्प येणाऱ्यांसाठी झॅमरिन होतं. मायक्रोसॉफ्टने ते २०१६मध्ये विकत घेतलं आणि १ मे २०२४ला त्याचा सपोर्ट संपला. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि फ्लटर सध्या जोरात आहेत. उरला पीडब्ल्यूएचा रस्ता, म्हणजे ब्राउझरचं पानच फोनच्या पडद्यावर अ‍ॅपसारखं बसवायचं. सर्व्हिस वर्करमुळे ते नेटवर्कविनाही उघडतं. आयफोनवर सर्व्हिस वर्कर २०१८मध्ये आला, पानाला नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळायला २०२३चा मार्च लागला. कंपनीच्या आतल्या साध्या कामांसाठी, म्हणजे हजेरी, अप्रूव्हल, तपासणीची यादी यांसाठी मी आज डोळे झाकून पीडब्ल्यूए सुचवीन. कॅमेरा आणि ब्लूटूथशी फार खेळायचं असेल तर मात्र नाही.

हे सगळं ठरवताना फोन कुणाच्या हातात आहे, हे विसरलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं. फोनची मेमरी अपुरी, आणि केंद्राचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत होतं. मराठीत रजिस्टर भरणाऱ्या बाईला इंग्रजी रकाने देऊन डिजिटल कारभार होत नाही, हे कळायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. फक्त बांधणाऱ्यांना ते कळलं नाही, इतकंच.

मधल्या काळात पडवी बांधायचं काम पुन्हा हिशेबखात्यातल्या माणसाकडे आलं. त्याला आता लो-कोड म्हणतात. पॉवर अ‍ॅप्स २०१६च्या अखेरीस आलं. शेअरपॉइंटची यादी घ्यायची, दोनचार क्लिक केले की फोनवर चालणारं अ‍ॅप तयार. सूत्रं पुन्हा स्प्रेडशीटसारखीच. नोट्सचं स्वप्न पुन्हा जागं झालं म्हणायला हरकत नाही, पण एक फट आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे.

प्रवासखर्चाचं अ‍ॅप धरा. एका सेल्समनने वर्षात मंजूर झालेल्या बिलांची बेरीज बघायची. सूत्र सोपं, गाळा आणि बेरीज करा. पॉवर अ‍ॅप्स शक्य तिथे हे काम डेटा जिथे आहे त्या सर्व्हरकडेच सोपवतं. पण काही सूत्रं सर्व्हरला समजत नाहीत. तेव्हा ते यादीतल्या पहिल्या ५०० नोंदी फोनवर आणतं आणि त्यांचीच बेरीज दाखवतं. सेटिंग वाढवलं तरी मर्यादा २,०००. सूत्र लिहिताना पिवळा त्रिकोण दिसतो, पण वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. पहिले काही महिने आकडा बरोबर येतो. ५०१वी नोंद पडली की बेरीज चुकायला लागते, आणि ती बरोबर असल्यासारखीच दिसते. बनवणारा तोवर दुसऱ्या खात्यात गेलेला असतो. नोट्सची ती वैतागवाणी पाटी निदान ‘इथे गोंधळ आहे’ असं ओरडून सांगत तरी होती.

चॅटमधल्या पडवीची तऱ्हा आणखी हलकी. स्लॅकने आणि २०१७पासून टीम्सने वेबहुक लोकप्रिय केले. एक लांबलचक पत्ता मिळतो, त्यावर चार ओळींचा मजकूर पाठवला की तो चॅनलमध्ये उमटतो. ‘रात्रीचा बॅकअप फसला’, ‘कोल्ड स्टोरेजचं तापमान वाढलं’ असे निरोप याच वाटेने येतात. लिहायला दहा मिनिटं लागतात, म्हणून त्याची नोंद कुणी ठेवत नाही. २०२४च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की टीम्समधले हे जुने कनेक्टर ऑक्टोबरपासून बंद. जेमतेम तीन महिने. जगभरातून बोंबाबोंब झाली आणि मुदत पुढे ढकलली गेली. कुठला निरोप कुठल्या जुन्या सर्व्हरवरच्या कुणाच्या स्क्रिप्टमधून येतो, हे शोधायलाच कंपन्यांना तीन महिने पुरले नसते. २०२५च्या मेमध्ये स्लॅकनेही आपल्या एपीआयच्या अटी आवळल्या. बाहेरच्या कंपन्यांच्या अ‍ॅपना संभाषणांचा साठा करून ठेवायला मनाई झाली. कंपनीने स्वतःपुरत्या बनवलेल्या अ‍ॅपना तेव्हा वगळलं, हे खरं.

लहान कंपन्यांत मात्र या कशाचाच पत्ता नसतो. तिथे डीलरची ऑर्डर, ट्रकचा नंबर आणि साहेबांची मंजुरी, सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. हसण्यासारखं त्यात काही नाही. ते फोनवर आहे, मराठीत लिहिता येतं, नेटवर्क आलं की निरोप आपोआप जातो. वरच्या महागड्या सॉफ्टवेअरांना जे साधलं नाही ते त्याला साधलंय. फक्त सहा महिन्यांपूर्वीची मंजुरी शोधायला गेलं की हात टेकावे लागतात.

मग स्वतःच्या जागेत घर बांधायचं का? तोही पर्याय आहे, आणि त्यातला एक मुंबईचा. फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या मुळाशी असलेल्या फ्रॅपे चौकटीत ब्राउझरमध्येच नवा ‘डॉकटाइप’ मांडला, की टेबल, फॉर्म, परवानग्या आणि मोबाइल अ‍ॅपशी बोलायचा एपीआय हे सगळं एकदम तयार होतं. नोट्सच्या फॉर्मची आठवण येते. कोड आपल्या हातात, डेटा आपल्या सर्व्हरवर. मात्र सर्व्हर रात्री पडला तर उठायचंही आपणच. ज्या कंपनीत असं उठणारं माणूस पगारावर नाही, तिने भाड्यानेच राहावं, हे मी मुक्त सॉफ्टवेअरचा भक्त असूनही सांगतो.

आणि नोट्स? ते मेलं असं अनेकांना वाटतं. नोएडाच्या एचसीएलने २०१९मध्ये आयबीएमकडून ते इतर काही सॉफ्टवेअरांसह १.८ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतलं. त्याच वर्षी जुनी नोट्स अ‍ॅप्स आयपॅडवर उघडू लागली, म्हणजे आयपॅड बाजारात आल्यावर नऊ वर्षांनी. २०२१पासून नोमॅड वेब नावाने ती ब्राउझरमध्येही चालतात. नव्वदच्या दशकात कुणा हिशेबनिसाने दुपारच्या चहाआधी लिहिलेलं सूत्र बहुधा आजही आहे तसं धावतं. या धंद्यात इतक्या जुन्या पडवीला हात न लावणारा मालक मला दुसरा माहीत नाही. आयबीएमच्या आणि एचसीएलच्या इतर चुका त्यासाठी मी माफ करायला तयार आहे.

अलीकडे एआयकडून फॉर्म, बॉट, अख्खं अ‍ॅप लिहून घेता येतं. त्यामुळे पडव्या आणखी झपाट्याने निघतील, आणि कुठली कुणी काढली हे आणखी कमी लोकांना ठाऊक असेल. म्हणून नवं हत्यार निवडण्यापूर्वी जे उभं आहे त्याची यादी करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. काय आहे, कुणी बांधलं, कुठल्या हत्याराने, आणि त्याचा सपोर्ट कधी संपतो, एवढे चार रकाने पुरेत. चौथ्या रकान्यात पहिल्यांदा शेअरपॉइंटवर इन्फोपाथ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या हत्याराने बांधलेले फॉर्म शोधा, विशेषतः मंजुरीचे. इन्फोपाथ २०१३च्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६ आहे.